जुन्या मोटारीतील सुपरचार्जरचा दाब का नाहीसा होतो?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाकण, हिंजवडी, वाघोली या बाजूच्या पुष्कळ जमिनी कारखाने, रस्ते व वसाहती यांकडे गेल्या आणि मोबदल्याच्या रकमेतून काही खातेदारांच्या दारी भारी मोटारी आल्या. त्यांपैकी मर्सिडीजची ‘सी-२०० कॉम्प्रेसर’ आता जुनी होऊन अल्प किमतीत हातोहात फिरत आहे. सपाट रस्त्यावर ही गाडी निमूट चालते. घाट लागला की मात्र थकल्या बैलासारखी मान टाकते. कारागीर बोनेट उघडून ‘सुपरचार्जर गेला, नवा घालावा लागेल’ असे सांगतो आणि मालक एका हंगामाचे उत्पन्न मोजून देतो. महसूल खात्यात जागेचा पंचनामा झाल्यावाचून निकाल होत नसे. येथे निकाल आधी होतो व पंचनामा मुळीच होत नाही, हीच आमची तक्रार आहे.

प्रथम यंत्राची रीत समजून घ्यावी. इंजिनास पेट्रोल जाळण्यास हवा लागते. जितकी अधिक हवा कोंबावी तितके अधिक पेट्रोल जळते व तितका जोर मिळतो. हवा कोंबणारा हा पंखा मूळचा मोटारीचा नव्हे. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात कॉनर्सव्हिल येथे गिरणी चालविणाऱ्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले आणि तो भट्ट्यांस वारा घालण्याच्या कामी लागला. सी-२०० मध्ये तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. डिझेल जीपमधील टर्बो हा धुराच्या झोतावर फिरतो, एवढाच मुख्य भेद. नळ्यांविषयी पुढे जे सांगितले आहे ते जीपवाल्यांसही लागू आहे. २००२ नंतरच्या सी-२०० चे इंजिन अवघे १७९६ घनसेंटिमीटरचे असून त्यांतील काही गाड्यांत त्यातून १६३ अश्वशक्ती काढलेली आहे. दाब गेला की एवढ्या जड गाडीस एक सामान्य लहान इंजिन ओढीत राहते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, दाब खरोखरच गेला आहे काय? संगणकाचा स्कॅनर आता तालुक्याच्या गावीही मिळतो. त्यात नोंदलेले दोष प्रथम वाचावेत, कारण कित्येकदा गाडीचा संगणक दुसऱ्याच एखाद्या बिघाडामुळे जोर मुद्दाम आवरून धरतो. मग इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी व दाबाचा आकडा पाहावा. हा आकडा त्या गावच्या हवेच्या दाबाइतका असला पाहिजे : समुद्रकाठी सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यास सुमारे ९५, महाबळेश्वरी सुमारे ८६. पुण्यास तो ७० दिसला तर साक्षीदारच खोटा आहे, त्याची जबानी धरू नये. आकडा बरोबर असल्यास एकाने मोकळ्या चढावर पेडल पूर्ण दाबून गाडी चालवावी व दुसऱ्याने आकडे टिपावेत. दाब ९५ च्या बराच वर गेला पाहिजे. तो तेथेच घोटाळला तर दाब गेला हे ठरले. परंतु दाब चांगला चढतो आणि जोर मात्र नाही, असे दिसले तर सुपरचार्जर निर्दोष समजावा व सायलेन्सरकडे पाहावे. धूर गाळणारी जाळी तुंबली की नेमके असेच होते. कोकणातून महाबळेश्वरी चढताना जोर थोडा कमी पडणे हा तर बिघाडच नव्हे. तेथे हवाच विरळ आहे.

दाब गेल्याचे ठरले तरी संशय प्रथम नळ्यांवर घ्यावा. सुपरचार्जरपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंत रबरी नळ्या असतात. पंधरा वर्षांच्या उष्णतेने त्या कडक होऊन चिरतात, क्लिपा सैल पडतात, आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर उंदीरही आपले काम करतात. चीर बहुधा खालच्या बाजूस असते. हवेबरोबर तेलाचा थोडा अंश येत असल्याने गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटलेली दिसते. तेथे बोट फिरवावे. इंजिन नुसते चालू ठेवून फुसफुस ऐकत बसणे व्यर्थ होय, कारण त्या वेळी नळ्यांत दाबच नसतो. एअर फिल्टरकडील तोंड बूच मारून बंद करावे, त्यातून अर्धा किलोपेक्षा कमी दाबाची हवा सोडावी आणि ट्यूबचे पंक्चर पाहतो तसे साबणाचे पाणी लावावे. पंक्चरवाल्याची हवा नियंत्रकावाचून सोडल्यास धड नळीही फुटते. तेलाच्या झाकणाकडून थोडी हवा येणे स्वाभाविक आहे. मात्र चीर सापडली तर ती तशीच चालवू नये. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजली जाते तेथे पेट्रोल मोजलेल्या हवेच्या मानाने पडते, हवा वाटेत निसटते, आणि न जळलेले पेट्रोल वर सांगितलेल्या जाळीचा नाश करते. ती जाळी नळीच्या कित्येक पट महाग आहे.

नळ्या धड निघाल्यास वळणझडप पाहावी. सावकाश चालताना ही झडप उघडी राहून हवा फिरून पंख्याकडेच जाते. पेडल दाबताच ती मिटते. काजळीने ती उघडीच अडकली तर सपाटीवर सर्व ठीक व घाटात काहीच नाही, असा प्रकार होतो. पुष्कळदा ती साफ केल्याने काम भागते. पट्टा सैल किंवा तेलकट असेल तर तो घसरतो व किंचाळतो. पट्ट्याजवळ हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी. उपरणे व सैल बाही यांस तेथे थारा नाही.

एवढे झाल्यावरच सुपरचार्जरवर यावे. पट्टा काढून त्याची कप्पी हाताने फिरवावी. ती खरखरली, अडखळली किंवा डगडगली तर बेअरिंग झिजले आहे. त्याच्या दंतचक्रांच्या पेटीत तेल वेगळे असते, ते इंजिनाच्या तेलाबरोबर बदलले जात नाही. म्हणून पेटीच्या सांध्यापाशी तेल पाझरलेले आहे काय ते पाहावे. नुसता कडकड आवाज येत असेल तर आतील जोडणीचा तुकडा झिजलेला असू शकतो व कित्येक प्रकारांत तो एकटाच बदलता येतो. कारागिराने तरीही नवा सुपरचार्जर सांगितला, तर चढावर टिपलेले आकडे त्याच्यापुढे ठेवावेत व जुना भाग आपल्या ताब्यात मागावा.