अशोच्य आणि अमर : ज्ञानेश्वरीतील मृत्युविचाराच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधिस्थानी पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची यात्रा भरते. परंपरेनुसार शके १२१९ मध्ये (इ. स. १२९७) निवृत्तिनाथांनी येथे देह ठेवला. मात्र सांप्रदायिक भाषेत ते 'गेले' असे म्हटले जात नाही. 'समाधिस्थ झाले' असेच म्हटले जाते. त्याच क्षेत्री कुशावर्तावर पितरांसाठी पिंडदान होते आणि तेथून उगम पावलेल्या गोदावरीच्या पात्रात नाशिकच्या रामकुंडावर दूरदूरचे लोक अस्थी घेऊन येतात. मरणोत्तर अस्तित्वाविषयीच्या निदान तीन कल्पना या एका टापूत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मृताला वंशजांकडून पिंडोदक हवे असते, ही पहिली. आत्मा मुळात मरतच नाही, ही दुसरी. सिद्ध पुरुष देहासह काळावर मात करतो, ही तिसरी. या तिन्ही कल्पनांना शास्त्राधार दिला जातो आणि तिन्हींचे पडसाद ज्ञानेश्वरीत उमटलेले आहेत.

अशा स्थितीत 'ज्ञानेश्वरीतील अमरत्वाची कल्पना' हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकविताना अडचण निर्माण होते. दुसऱ्या अध्यायाच्या आधारे उत्तर द्यावे तर देह तुच्छ ठरतो. सहाव्याच्या आधारे द्यावे तर देहच दिव्य होतो. आणि समाधिप्रसंगाकडे वळावे तर या दोहोंपैकी कोणता अर्थ तेथे लावावयाचा, हे निश्चित होत नाही. ग्रंथातील वचनांचा परस्परसंबंध कसा लावावा, या अर्थनिर्णयाच्या अंगाने या अडचणीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. तात्पर्यनिर्णयाची कसोटी

ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति ही लिंगे सांगितली आहेत. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (१९१५) आरंभी याच कसोटीचा आधार घेतला आणि सांप्रदायिक टीकाकारांनी आपापल्या मताकडे गीतेचा अर्थ ओढला, असा आक्षेप नोंदविला. टिळकांचा कर्मयोगपर निष्कर्ष मान्य असो वा नसो, त्यांची पद्धती प्रस्तुत प्रश्नाला उपयुक्त आहे. येथे ती संपूर्ण गीतेला न लावता दुसऱ्या अध्यायातील अकरा ते तीस या श्लोकांच्या प्रकरणालाच लावून पाहू.

या प्रकरणाचा उपक्रम शोकाने होतो. ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस, असे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात. उपसंहारही शोकाच्याच निषेधाने होतो. मधल्या भागात पंचविसाव्या, सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या श्लोकांच्या अखेरीस शोक करणे तुला योग्य नाही हेच वचन थोड्याफार फरकाने येते आणि तिसाव्यात पुन्हा येते. मीमांसेच्या परिभाषेत हा 'अभ्यास' होय. आत्म्याची नित्यता येथे प्रतिपादिली आहे यात संशय नाही. परंतु ज्याची पुनरुक्ती होते तो शोकनिवृत्तीचा उपदेश आहे, नित्यतेचे प्रतिपादन त्याचे साधन आहे.

उपपत्तीचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. आत्मा अज आणि नित्य आहे, असे पंचविसाव्या श्लोकापर्यंत सांगून झाल्यावर सव्विसाव्यात एकदम विरुद्ध पक्ष स्वीकारला जातो : तो सतत जन्मतो आणि सतत मरतो असे जरी तू मानलेस, तरीही शोकाला कारण नाही. हा केवळ वादापुरता केलेला अभ्युपगम आहे, असे शंकराचार्य सांगतात. तरीही प्रश्न उरतो. अमरत्व हेच प्रकरणाचे मुख्य प्रतिपाद्य असते, तर ते क्षणभर बाजूला ठेवून युक्तिवाद चालविण्याचे प्रयोजन काय? शोकनिवृत्ति हे फल मानले तरच या दोन्ही युक्तिवादांची संगती लागते. स्वतः शंकराचार्यांनीही शोक आणि मोह यांना संसाराचे बीज म्हणून गीतोपदेशाचे प्रयोजन त्यांच्या निवृत्तीत पाहिले आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते.

३. ज्ञानदेवांची दोन दृष्टान्तमालिका

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे ज्ञानदेवांनी या श्लोकांवर जे निरूपण केले, त्यात हे दोन्ही पक्ष वेगवेगळ्या दृष्टान्तमालिकांनी सांभाळलेले आहेत. आत्मनित्यत्वाच्या पक्षात स्वप्नाचा दृष्टान्त येतो : स्वप्नात जे खरे वाटते ते जागे होऊन पाहता काहीच नसते. छायेवर शस्त्र चालविले तरी अंगाला जखम होत नाही; पाण्याने भरलेला घट उपडा झाला की प्रतिबिंब नाहीसे होते, पण सूर्याला काही होत नाही. या मालिकेत मरण हा भास आहे.

सव्विसाव्या श्लोकाकडे वळताच दृष्टान्ताची जात बदलते. आता गंगेच्या अखंड प्रवाहाची उपमा येते. उगमाशी तो तुटलेला नाही, समुद्राशी तो मिळालेला आहे आणि मध्ये वाहतानाही तो दिसतो. पुढच्या श्लोकावर रहाटगाडग्यासारख्या फिरणाऱ्या घटिकायंत्राची उपमा येते. या दृष्टान्तांत मरणाला भास म्हटलेले नाही. ते खरेच घडते. पण एका क्रमाचा भाग म्हणून घडते. पहिल्या मालिकेतून वेदान्ती बोलतो असे मानले, तर दुसऱ्या मालिकेतून सृष्टिक्रम पाहणारा सामान्य माणूस बोलतो. दोघांनाही शोक आवरता यावा, हा ज्ञानदेवांचा अभिप्राय दिसतो. येथे त्यांनी श्रोत्याच्या तत्त्वमताची अट घातलेली नाही.

४. सहाव्या अध्यायातील देह

खरा पेच सहाव्या अध्यायात आहे. अकरा ते चौदा या श्लोकांत गीतेने योगासनाचे वर्णन केले आहे. त्यावर ज्ञानदेव कुंडलिनीजागृतीचे प्रदीर्घ निरूपण करतात. त्यात योग्याचा देह जणू नव्याने घडतो. कांती केशराच्या रंगाची होते, नवे दात हिऱ्यासारखे चमकतात, वार्धक्य माघारी फिरते आणि त्या देहाकृतीला प्रत्यक्ष कृतान्त भितो. दुसऱ्या अध्यायात ज्या देहाला छायेची योग्यता दिली, तोच देह येथे यमाला भय वाटावे असा झाला आहे.

टिळकांनी या विस्ताराचे कारण ज्ञानदेवांच्या योगीपणात शोधले आणि योगमार्गाला 'पंथराज' म्हणण्यात ज्ञानेश्वरीचा कल दिसतो, असे सुचविले. हे निरीक्षण योग्य आहे. पण त्याने विसंगतीचा उलगडा होत नाही. तो करण्यासाठी स्वतः ज्ञानदेवांनी ठेवलेल्या दोन खुणांकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली खूण भाष्यकाराच्या प्रामाणिकपणाची आहे. पिंडाने पिंडाचा ग्रास करणे हे नाथांच्या संकेतातले मर्म आहे, महाविष्णूंनी त्याचा केवळ निर्देश केला होता, अशा आशयाचे विधान ते करतात. म्हणजे आपण मूळ श्लोकात नसलेले परंपरागत ज्ञान येथे उकलून दाखवीत आहोत, हे त्यांनी झाकून ठेवलेले नाही. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर जे लाभले, तेच गुरुमुखाने ज्ञानदेवांपर्यंत आले. तेव्हा सहाव्या अध्यायातील अमर देहाची प्रतिज्ञा गीतेची न मानता गीतेच्या निमित्ताने प्रकट झालेल्या नाथपरंपरेची मानली पाहिजे.

दुसरी खूण निरूपणाच्या क्रमात आहे. यमाला भय घालणारा तो देह शेवटपर्यंत टिकत नाही. पुढे पृथ्वी जलात, जल तेजात, तेज वायूत असा पंचभूतांचा लय सांगितला आहे आणि अखेर सर्व गगनात मिळून जाते. ज्याच्यासाठी वार्धक्य परतविले, तो पिंडही विरून जातो. यावरून सहाव्या अध्यायातील देहसिद्धी ही वाटेवरची अवस्था आहे, गन्तव्य नव्हे, असे म्हणता येते. 'पिंडाचा ग्रास' या शब्दप्रयोगातच देहाच्या विसर्जनाचा अर्थ अंतर्भूत आहे.

आठव्या अध्यायातील मरणकालाच्या विवेचनानेही हाच निष्कर्ष पुष्ट होतो. तेथे उत्तरायण-दक्षिणायनाच्या मार्गांचे वर्णन करताना ज्ञानदेव मरणसमयी देहात अग्नी टिकतो की कफाने कोंडतो, याचाही विचार करतात. पण ब्रह्मरूप झालेल्या पुरुषाला या मार्गांची चिंता उरत नाही, देह राहो वा जावो त्याच्या स्वरूपाला बाध येत नाही, असे सांगून तो सगळा पेच ओलांडतात.

५. चांगदेवकथा : लोकपरंपरेने केलेला निवाडा

या तात्त्विक प्रश्नाचा निवाडा लोकपरंपरेने एका कथेतून केला आहे. योगबलाने चौदाशे वर्षे काळाला चुकवीत आलेले चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसतात. वयाने लहान असलेल्याला आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठा असलेल्याला नमस्कार लिहावा, हे न सुचल्याने कोराच कागद पाठवितात. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणतात आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेव पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहितात. चौदाशे वर्षांचा आकडा ऐतिहासिक नाही, हे उघड आहे. पण कथेचा अर्थ नेमका आहे : आयुष्याची लांबी आणि अमरत्व या भिन्न वस्तू आहेत. 'चांगदेवपासष्टी'त दीर्घायुष्याची चर्चा नाही, द्रष्टा आणि दृश्य यांच्या ऐक्याची आहे, हेही या कथार्थाशी जुळणारे आहे.

६. समाधिप्रसंग आणि शोक

आता समाधिप्रसंगाकडे वळू. शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. 'संजीवन समाधी' या शब्दाचे अर्थ मुख्यतः तीन प्रकारांनी केले जातात. श्रद्धावान वाचक तो शब्दशः घेतो. अजानवृक्षाची मुळी काढण्यासाठी एकनाथांना आळंदीस बोलावल्याची आख्यायिका याच धारणेवर उभी आहे. योगाभ्यासी त्यात सहाव्या अध्यायाची परिणती पाहतो. इतिहासदृष्टीचा चिकित्सक त्यात स्वेच्छेने केलेला देहत्याग पाहतो. तिन्ही पक्षांचे लक्ष 'समाधीत देहाचे काय झाले' या एकाच प्रश्नावर खिळलेले असते.

नामदेवांच्या नावावरील समाधिप्रकरणाचे अभंग वाचताना मात्र वेगळीच गोष्ट जाणवते. या अभंगांपैकी सर्वच नामदेवांचे आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि संप्रदायाने सात शतके जपलेली ही प्रसंगाची प्रतिमा आहे, एवढे निश्चित. या प्रतिमेत देहाच्या गूढापेक्षा मागे राहिलेल्यांचा शोक अधिक जागा व्यापतो. आणि सर्वांत अनावर शोक निवृत्तिनाथांचा आहे. ज्यांच्याकडून ज्ञानदेवांना शोकनिवृत्तीचे ज्ञान लाभले, ते गुरूच येथे बांध फुटलेल्या तळ्यासारखे झालेले दिसतात. पाठोपाठ सासवडला सोपानदेव, तापीतीरी मुक्ताबाई आणि शेवटी त्र्यंबकास स्वतः निवृत्तिनाथ, असा हा क्रम पूर्ण होतो.

दुसऱ्या अध्यायाचा अर्थ 'ज्ञानी माणसाने रडू नये' असा सरळ विधिरूपाने घेतला, तर हे अभंग शास्त्रविरोधी ठरतात. परंतु संप्रदायाला त्यात विरोध कधीच जाणवलेला नाही. याचे कारण असे की गीतेने निषेध केलेला शोक विशिष्ट आहे. तो अर्जुनाला कर्तव्यापासून परावृत्त करणारा, मोहाच्या पोटी जन्मलेला शोक आहे. निवृत्तिनाथांचा शोक कोणतेही कार्य थांबवीत नाही; समाधीचा विधी त्यांच्याच हातून पार पडतो. शोक आणि मोह यांतील हे अंतर भाष्यात सूत्ररूपाने आलेले नसले, तरी अभंगवाङ्मयाने ते प्रसंगातून उभे केले आहे.

७. एक महत्त्वाचा आक्षेप

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गीतेतील आत्म्याच्या अवध्यत्वाचा युक्तिवाद शोक निवारून थांबत नाही. अठराव्या श्लोकात त्यातूनच युद्धाची प्रेरणा निघते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवरील आपल्या अपूर्ण लेखनात, जे महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केले, नेमक्या याच स्थळावर बोट ठेवले : देह नश्वर आणि आत्मा अमर असल्याने वधाचा दोष नाही, हा बचाव नीतीच्या कोणत्याही न्यायालयात टिकणारा नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा ध्यानात घेता, आत्म्याची समानता सांगणारे शास्त्र आणि देहाला दारात अडविणारा आचार यांतील अंतर त्यांनी याच जिल्ह्यात अनुभवले होते. पुढे 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आत्मा नाकारून पुनर्जन्माचा अर्थ देहातील भूतांच्या पुनःसंयोगाच्या रूपात लावला. हेही शास्त्रार्थाचेच एक उदाहरण होय.

या आक्षेपाला उत्तर म्हणून इतके म्हणता येते की गीतेने कर्तव्याचा स्वतंत्र आधार एकतिसाव्या श्लोकापासून स्वधर्माच्या रूपाने दिला आहे. अमरत्व हा त्याचा पुरेसा आधार मानलेला नाही. परंतु या उत्तराने अठराव्या श्लोकाची अडचण पूर्णतः दूर होत नाही, आणि स्वधर्माच्या कल्पनेवर आंबेडकरांचा आक्षेप तर अधिकच तीव्र आहे. तो प्रश्न खुला ठेवूनच हे प्रकरण शिकविले पाहिजे.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार असे : ज्ञानेश्वरीत अमरत्वाचा एकच सिद्धान्त शोधू पाहणे हा प्रश्नाचा चुकीचा आरंभ आहे. दुसऱ्या अध्यायातील नित्य आत्मा, सहाव्यातील सिद्ध देह आणि आठव्यातील मरणकाल यांची पातळी भिन्न आहे आणि ती ओळखण्याच्या खुणा भाष्यकाराने स्वतःच ठेवल्या आहेत. वचन कोणत्या परंपरेतून आले, ते कोणत्या प्रयोजनासाठी आले आणि निरूपणाच्या क्रमात त्याचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्याचा अर्थ ठरवू नये.

कुशावर्तावर वडिलांना पिंड देऊन तोच माणूस निवृत्तिनाथांच्या समाधीवर माथा टेकवितो. त्याच्या वर्तनात विसंगती आहे, असे शास्त्रज्ञाला वाटेल. पण 'अशोच्य' या शब्दावर भाष्य करणारी आणि निवृत्तिनाथांचे अश्रू अभंगात जपणारी मराठी परंपरा त्याच्या पाठीशी आहे. तिचा अर्थ लावताना भाष्य आणि अभंग यांपैकी एकाला पूर्वपक्ष ठरवून भागणार नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय या परंपरेचा मृत्युविचार हाती लागत नाही.