पंधरा मिनिटांची उभी सभा

सॉफ्टवेअर लिहिणारी आम्ही सात मंडळी पुण्याच्या कचेरीत रोज सकाळी उभ्यानेच सभा भरवतो. बसले की माणूस पाल्हाळ लावतो, हे का तुम्हांला सांगायला हवे! पद्धतीचे नाव 'स्क्रम', शब्द रग्बीच्या खेळातला. मर्यादा १५ मिनिटे. काल काय केले, आज काय करणार, अडले कुठे? हे तीन प्रश्न २०२० साली नियमपुस्तिकेतून गळले; आमच्याकडे अजून चालतात. खरी मेख तिसऱ्यात. साहेब वही उघडून शेजारी उभे राहिले, की कुणाचेच काही अडत नाही! ते येईनासे झाले, त्याच आठवड्यात एक नवी मुलगी हळूच म्हणाली, "तीन दिवस मी एकाच जागी अडकले आहे." सभा मोडताच दोघे तिच्या टेबलाशी गेले. दुपारपर्यंत गाठ सुटली होती.