संगीत थांबले, इरिना थांबली नाही

ब्रातिस्लाव्हा येथे १९७३ मध्ये झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत इरिना रोदनिना आणि अलेक्झांडर झायत्सेव्ह या सोविएत जोडीचे सादरीकरण रंगात आले असताना संगीत अचानक बंद पडले. दोघांनी उरलेल्या कसरती नि:शब्द शांततेत पूर्ण केल्या. प्रेक्षकांच्या टाळ्यांनी सभागृह दणाणले आणि पुढे विजेतेपदही त्यांनाच मिळाले.

या विजयाला आणखी एक पदर होता. मॉस्कोत १९४९ मध्ये जन्मलेल्या इरिनाने अलेक्सी उलानोव्हच्या साथीने १९६९ ते १९७२ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे आणि १९७२ चे साप्पोरो ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले होते. मात्र, उलानोव्हचे प्रतिस्पर्धी जोडीतील ल्युडमिला स्मिर्नोव्हावर प्रेम जडले आणि ही जोडी फुटली. त्याआधी कॅल्गरीतील जागतिक स्पर्धेच्या सरावात इरिना उचललेल्या स्थितीतून पडली व तिच्या डोक्याला दुखापत झाली. तरीही तिने ती स्पर्धा जिंकली.

जोडीदाराचे महत्त्व

जोडी स्केटिंगमध्ये पुरुष खेळाडू जोडीदारीण डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो; तिला पातळ पात्यावर तोल सावरून उतरावे लागते. शिवाय दोघांच्या उड्या आणि गिरक्या एकाच क्षणी व्हाव्या लागतात. हा मेळ जमायला वर्षे लागतात. त्यामुळे जोडीदार गेला की बहुतेकांची कारकीर्द डळमळते. प्रशिक्षक स्तानिस्लाव झुक यांनी इरिनासाठी लेनिनग्राडच्या तरुण झायत्सेव्हची निवड केली. वर्षभरातच ही नवी जोडी ब्रातिस्लाव्हात विजेती ठरली. उपविजेते होते स्मिर्नोव्हा आणि उलानोव्ह!

पुनरागमन

इरिना आणि झायत्सेव्ह १९७५ मध्ये विवाहबद्ध झाले. तत्याना तारासोव्हा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९७६ मध्ये इन्सब्रुकला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. सलग दहा जागतिक विजेतेपदांनंतर मातृत्वामुळे इरिना १९७९ च्या मोसमात खेळली नाही. तेव्हा अमेरिकेचे ताई बाबिलोनिया व रँडी गार्डनर विश्वविजेते झाले. पुढच्या वर्षी लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये या दोन जोड्यांची झुंज अपेक्षित होती. पण गार्डनरच्या दुखापतीमुळे अमेरिकी जोडीला माघार घ्यावी लागली. इरिनाने तिसरे सुवर्ण पटकावले. विजयमंचावर तिच्या डोळ्यांतून वाहणारे अश्रू जगाने पाहिले.

निवृत्तीनंतर अमेरिकेत प्रशिक्षक म्हणून काम करताना तिने चेक जोडी राद्का कोव्हार्झिकोव्हा व रेने नोव्होत्नी यांना १९९५ चे विश्वविजेतेपद मिळवून दिले. २००७ मध्ये ती रशियन संसदेत निवडून गेली. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकची ज्योत प्रज्वलित करण्याचा मान तिला व आइस हॉकीपटू व्लादिस्लाव त्रेत्याक यांना मिळाला.