फ्लॅट तुमचा, चावी त्याच्याकडे!

पहिला फ्लॅट भाड्याने दिलात? अभिनंदन! कालपर्यंत ज्या घरमालकांच्या नावाने कटिंग चहावर बोटं मोडत होतात, त्यांच्याच क्लबमध्ये तुम्ही दाखल झालात. फक्त एक लोचा आहे. फ्लॅट खराडीला आणि तुमची नोकरी बंगळुरूला, गुडगावला, नाहीतर थेट दुबईला. मग नळ गळला की कोण धावणार? भाडेकरू कोण शोधणार? सोसायटीच्या सेक्रेटरी काकांशी कोण बोलणार?

म्हणून तुम्ही गाठता प्रॉपर्टी मॅनेजर. 'सर, टेन्शन घेऊ नका, सगळं माझ्यावर सोडा,' असं तो म्हणतो आणि तुम्ही खरंच सगळं सोडून देता. इथेच गडबड होते. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी नाही. घराचा हप्ता दर महिन्याला तुमच्याच पगारातून कापला जातो आणि कायदाही घरमालक म्हणून तुमच्याकडेच बोट दाखवतो. त्यात भाड्याने घर मिळवून देणारे आणि सांभाळणारे लोक रेराच्या कक्षेत येत नाहीत. रेरात नोंदणी लागते ती घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटांना. थोडक्यात काय, तुमच्या मॅनेजरवरचा इन्स्पेक्टर तुम्हीच!

सगळं कागदावर

भाडेकरूशी करार करतो, पण मॅनेजरशी? तिथे बहुतेक वेळा फक्त व्हॉट्सॲप आणि 'विश्वास ठेवा सर'. त्याच्याशीही दोन पानी करार कराच. फी किती आणि कशावर, फ्लॅट रिकामा असताना फी द्यायची का, नवा भाडेकरू आणल्यावर वेगळी दलाली लागणार का, किती दिवसांच्या नोटिशीवर टाटा-बायबाय करायचं, चाव्या आणि कागद किती दिवसांत परत द्यायचे, हे सगळं त्यात हवं. दुरुस्तीची मर्यादाही लिहा. उदाहरणार्थ, 2,000 रुपयांपर्यंत त्याने परस्पर करावं, त्यापुढे दोन कोटेशन आणि तुमचा होकार. पाइप फुटला तर मात्र आधी प्लंबर, मग फोन.

भाडं थेट तुमच्या खात्यात

हा नंबर एकचा फंडा. भाडं आणि डिपॉझिट भाडेकरूने तुमच्याच बँक खात्यात टाकायचं, मॅनेजरने आपली फी बिल देऊन तुमच्याकडून घ्यायची. पैसा त्याच्या हातून आला, की आकडा त्याच्या मर्जीचा होतो. समजा, भाडेकरू देतो 31,000 आणि तुम्हाला कळतं 28,000. महिन्याला 3,000 म्हणजे अकरा महिन्यांत 33,000 रुपये गायब, आणि वर तुम्ही त्याला दिवाळीचा बॉक्स पाठवणार!

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. 1872चा भारतीय करार कायदा सांगतो, की मालकाने मागितल्यावर एजंटने हिशोब दिलाच पाहिजे. तुम्हाला अंधारात ठेवून तुमच्याच कामात त्याने स्वतःचा फायदा काढला, तर त्या फायद्यावर तुम्ही हक्क सांगू शकता.

करार रजिस्टर झाला का?

'करार झाला सर' हे उत्तर पुरेसं नाही. रजिस्टर झालेली प्रत स्वतःच्या मेलमध्ये हवी. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची, मॅनेजरची नाही. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते तुम्ही खोटं सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही त्याच कलमात आहे.

खर्चही धसका घेण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून. महिना 30,000 आणि डिपॉझिट एक लाख असेल, तर अकरा महिन्यांसाठी हे शुल्क 900 रुपयांच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी 1,000. बाकी ऑनलाइन प्रक्रियेचा किरकोळ खर्च आणि करून देणाऱ्याचा मेहनताना. मॅनेजरने एकदम 8,000चा आकडा सांगितला, तर हसतमुखाने फोड मागा.

आधारवर अंगठा लावून ही नोंदणी दुसऱ्या शहरात बसूनही होते. म्हणजे एवढ्यासाठी त्याला पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची गरज पडत नाही. द्यावीच लागली, तर ठरावीक कामापुरती आणि ठरावीक मुदतीची द्या. विक्री, गहाण, कर्ज हे शब्द त्यात चुकूनही नकोत. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पावतीही मागून घ्या.

बिल दाखव, बॉस!

'गीझर बदलला, 9,500.' असा मेसेज आला की चार गोष्टी मागा: जुन्या गीझरचा फोटो, नव्याचा फोटो, दुकानाचं पक्कं बिल आणि तुमच्या नावाचं वॉरंटी कार्ड. एकदा मागितलं, की पुढच्या वेळी न मागता येतं. सोसायटीचं बिलही स्वतः वाचा. भाडेकरू ठेवला म्हणून गृहनिर्माण सोसायटी जे ना-वापर शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरासाठी जी 40 टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नाही, हेही बजेटमध्ये धरा.

भाडेकरूला 'हाय' म्हणा

भाडेकरूकडे तुमचा नंबर आणि ईमेल असू द्या. रोज गप्पा मारू नका, पण तीन महिन्यांतून एकदा 'घरात काही अडचण?' एवढं विचारा. बाथरूमची गळती सहा आठवडे सांगूनही दुरुस्त झालेली नाही, हे अशाच फोनवर कळतं. चांगला भाडेकरू वैतागून निघून जातो तेव्हा मॅनेजरला नवी दलाली मिळते आणि तुम्हाला मिळतो रिकामा फ्लॅट. डिपॉझिटमधून कापाकापी करायची झाली, तर आत जातानाचा आणि बाहेर पडतानाचा व्हिडिओ हाच पंच. तो तारखेसह जपून ठेवा. वर्षातून एकदा तरी, भाडेकरूला आधी विचारून, स्वतः चक्कर मारा. आई-बाबा पुण्यात असतील तर त्यांना पाठवा. भिंतीतली ओल त्यांच्या नजरेतून सुटत नाही!

टॅक्सचं काय?

भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. मॅनेजरची फी आणि दुरुस्ती त्या 30 टक्क्यांतच आली, वेगळी धरता येत नाही. म्हणजे फीचा प्रत्येक रुपया खिशातून जातो. तेव्हा त्या बदल्यात काम होतंय ना, हे पाहा. तुम्ही एनआरआय असाल, तर भाडेकरूने टीडीएस कापून भरायचा असतो. मॅनेजरने हे भाडेकरूला करारावेळीच सांगितलं पाहिजे.

एवढं विचारलं तर मॅनेजर चिडेल, अशी भीती वाटते? चोख काम करणाऱ्याला हिशोबाचा त्रास होत नाही, उलट 'मालक लक्ष ठेवून आहेत' हे त्यालाही बरं वाटतं. आणि जो चिडतो, त्याने तुमचं काम सोपं केलं. त्याला नोटिशीचा मेल करा आणि आधी चाव्या मागा!