मॉड्यूल खराब ठरवण्याआधी वीज तपासा

ईएसपी-०१ हे जेमतेम बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप त्यावर असते. २०१४ मध्ये ते बाजारात आलं आणि स्वस्तातलं वायफाय हौशी मंडळींच्या हाती पडलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ते घरी आणून अर्डुइनो उनोसारख्या बोर्डला जोडलं, की पुष्कळदा हिरमोड होतो. दिवा लुकलुकतो, मॉड्यूल सारखं रिसेट होतं, स्क्रीनवर अगम्य अक्षरं उमटतात. ‘पीस खराब निघाला’ म्हणून ते बाजूला पडतं. खरा दोष बहुतेकदा जोडणीत असतो.

सगळ्यात मोठी गोम विजेत आहे. मॉड्यूलला ३.३ व्होल्ट लागतात हे ठाऊक असतं. करंट किती लागतो, इकडे लक्ष जात नाही. वायफाय सिग्नल सोडताना ही मागणी क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या घरात जाते. अर्डुइनो उनोची ३.३ व्होल्टची पिन मात्र ५० मिलिअँपिअरसाठीच असते. मग व्होल्टेज कोसळतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही घसरण इतकी क्षणिक असते, की मल्टिमीटर बिनधास्त ३.३ दाखवत राहतो. त्यामुळे किमान ५०० मिलिअँपिअर देणारा वेगळा रेग्युलेटर घ्यावा आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सीएच-पीडी ही पिनही ३.३ व्होल्टला जोडलेली हवी, नाहीतर चिप सुरूच होत नाही.

मॉड्यूल आणि उनो यांच्या सिरियल जोडणीत एकाची डेटा पाठवणारी टीएक्स पिन दुसऱ्याच्या डेटा घेणाऱ्या आरएक्स पिनला जाते आणि दोघांचं ग्राउंड एकच लागतं. उनोच्या टीएक्सवर ५ व्होल्ट असतात, मॉड्यूलला मात्र ३.३ च हवेत. मधे १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर घालून २ किलोओहमवरचं व्होल्टेज घेतलं, की ते ३.३ वर येतं.

सुरुवातीच्या अगम्य अक्षरांतही माहिती असते. चिपमधला बूट कोड ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गृहीत धरून ११५२०० बॉडने डेटा पाठवतो. मॉड्यूलवर क्रिस्टल असतो २६ मेगाहर्ट्झचा. त्याच प्रमाणात वेग घटून ७४८८० होतो. सिरियल मॉनिटर या वेगावर ठेवला, की मजकूर वाचता येतो. त्यात बूट मोडचा पहिला आकडा ३ असेल तर सुरुवात नीट झाली. १ असेल तर जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला जोडली गेली आहे.

आधी वीज, मग ग्राउंड, मग टीएक्स-आरएक्स आणि शेवटी बॉड रेट, या क्रमाने तपासावं. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर मॉड्यूल चालू होईलही. पण दोष कुठे होता हे कळणार नाही आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये तो पुन्हा आडवा येईल.