हूवरचा मे महिना

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला लागून हूवर आहे. मे महिना कलला की तिथल्या हूवर मेट स्टेडियमवर साउथईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे ‘एसईसी’ची, कॉलेज बेसबॉल स्पर्धा भरते. १९७७ साली सुरू झालेली ही स्पर्धा आधी गावोगाव फिरायची. १९९८पासून तिचा मुक्काम इथेच आहे. खंड पडला तो फक्त २०२०चा, कोविडमुळे. बास्केटबॉल सोडून आलेला मायकेल जॉर्डन १९९४मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या बेसबॉल संघाकडून खेळला, तेही याच मैदानावर. पुढे बॅरन्सनी शहरात नवं घर केलं. कॉलेजची मुलं मात्र दरवर्षी हूवरला येतात.

या स्पर्धेत सगळं अडतं ते पिचरच्या खांद्यापाशी. एरवी सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे होतात. संघातला सर्वांत भरवशाचा पिचर शुक्रवारी चेंडू टाकतो आणि पुढचा आठवडाभर हाताला विश्रांती देतो. हूवरला तेवढी उसंत कुठली? आणि स्पर्धा संपली की लगेच पुढच्या शुक्रवारी ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू. त्यामुळे पाचव्या-सहाव्या इनिंगला, मुलगा झकास टाकत असतानाही, प्रशिक्षक मैदानात चालत येतात आणि चेंडूसाठी हात पुढे करतात. मुलगा चेंडू त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. मला यात कच खाणं दिसत नाही. विशीतल्या पोराचा हात जपणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम आहे.

२०२४पर्यंत मधल्या फेऱ्यांत एकदा हरलेल्या संघाला आणखी एक संधी मिळायची. सामने वाढायचे, त्यात पाऊस आला की खेळ मध्यरात्रीपलीकडे रेंगाळायचा. टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत आल्यावर संघ १६ झाले आणि २०२५पासून हरला तो घरी गेला. मोसमाच्या क्रमवारीतले पहिले चार संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत. हातांच्या दृष्टीने हे बरंच झालं. पण हरून पुन्हा उभं राहिलेल्या संघाला चौथ्या-पाचव्या पिचरला चेंडू द्यावाच लागायचा आणि एखादं अनोळखी पोर त्या दिवशी मैदान गाजवायचं. ते आता कमी दिसेल, याची मला खरोखर हळहळ आहे.

विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. पण बलाढ्य संघांची जागा बहुधा आधीच पक्की असते. २०२५मध्ये १६पैकी १३ संघ पुढे गेले. हूवरच्या निकालावरून पुढचं भाकीत करायला जावं तर फसगतच. २०२२मध्ये ओल मिस इथे पहिल्याच सामन्यात हरलं, राष्ट्रीय स्पर्धेत कसंबसं शिरलं आणि ओमाहातल्या तिच्या अंतिम टप्प्यात विजेतं ठरलं. २०२५मध्ये व्हँडरबिल्टने ओल मिसला ३-२ असं हरवून हूवर जिंकलं, राष्ट्रीय मानांकनात पहिला क्रमांक मिळवला आणि घरच्या मैदानावर पहिल्याच टप्प्यात बाद झालं.

त्याच वर्षी टेक्सास ए अँड एमची गत वेगळी होती. मोसमाआधी देशात अव्वल मानलेला हा संघ एसईसीत चौदाव्या क्रमांकावर घसरून हूवरला आला. सगळे सामने जिंकले तरच पुढची दारं उघडणार होती. दोन जिंकले, तिसऱ्यात एलएसयूने रोखलं आणि मोसम संपला.

म्हणून ही स्पर्धा पाहायची तर फक्त रविवारच्या अंतिम सामन्यासाठी थांबू नका. मंगळवारपासून पाहा. नवव्या ते सोळाव्या क्रमांकाचे संघ त्या दिवशी खेळतात आणि ज्यांचं सर्वस्व पणाला लागलेलं असतं, ते बहुतेक त्यांच्यातच असतात.