इंग्रजी वाङ्मय आणि इंग्रजी लेखन : पदवी-अभ्यासक्रमातील निवडीचा प्रश्न

इंग्रजी विषय घेऊन पदवी संपादन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे सामान्यतः दोन प्रकारचे अभ्यासक्रम येतात : एक वाङ्मयाचा व दुसरा लेखनाचा. पहिल्यात काव्य, नाटक, कादंबरी यांचे वाचन व समीक्षण असते. दुसऱ्यात निबंध, सारांश, अहवाल यांची रचना. पहिला रसिकांचा व दुसरा कच्च्या विद्यार्थ्यांचा, अशी समजूत महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे, आणि निवडीविषयीचा सल्लाही बहुधा तिच्याच आधारे दिला जातो. वस्तुतः ही विभागणी विषयाच्या स्वरूपातून निघालेली नसून संस्थांच्या इतिहासातून निघालेली आहे. तो इतिहास ध्यानात घेतला म्हणजे निवडीची कसोटीच बदलते.

या विभागणीचे स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सापडते. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अध्यक्षपदी असलेल्या चार्ल्स विल्यम एलियट यांनी तेथे ऐच्छिक विषयांची पद्धती रुजविली. कोणते विषय शिकावयाचे हे विद्यार्थ्याने ठरवावे, हे तिचे तत्त्व. इंग्रजी लेखन मात्र त्याला अपवाद राहिले. १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ हा लेखनाचा अभ्यासक्रम प्रथम वर्षाला आला, आणि शतकाच्या अखेरीस जवळजवळ तेवढाच काय तो सक्तीचा उरला. वाङ्मयाचे अभ्यासक्रम ऐच्छिक होते. एक गोष्ट सक्तीची व दुसरी आवडीची ठरली, की पहिलीला ओझ्याचे आणि दुसरीला प्रतिष्ठेचे रूप येणे स्वाभाविकच होय. अध्यापकांच्या बाबतीत तर हा भेद आधीच दिसू लागला होता. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे १८५१ पासून वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक होते व विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्याचा भार त्यांच्यावर असे. १८७६ मध्ये ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, तेव्हा कोठे त्या भारातून मुक्त होऊन त्यांना इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांच्या संशोधनाला अवकाश मिळाला.

मुंबई विद्यापीठाची घडण निराळी. १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले गेले. शिकवावे महाविद्यालयांनी व परीक्षा घ्यावी विद्यापीठाने, अशी त्यातील वाटणी. अशा रचनेत विद्यार्थ्याचे लेखन मुख्यतः उत्तरपत्रिकेच्या रूपाने परीक्षकापुढे येते. तिच्यावर गुण पडतात. परंतु तिच्यातील परिच्छेद कोठे ढासळला हे लिहिणाऱ्याला कळत नाही. पुढे ‘आवश्यक इंग्रजी’ व ‘विशेष इंग्रजी’ असे जे दोन प्रवाह महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रूढ झाले, त्यांतही हार्वर्डमधील उच्चनीचतेचीच छाया दिसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्रैवार्षिक पदवीसाठी किमान १२० श्रेयांक; त्यांपैकी मुख्य विषयाला ६० व गौण विषयाला २४. भाषिक क्षमतावृद्धीच्या अभ्यासक्रमांना ८, आणि तेही आधुनिक भारतीय भाषा व इंग्रजी यांत मिळून. म्हणजे लेखनासाठी स्वतंत्रपणे राखलेला भाग एकूण श्रेयांकांच्या पंधराव्या हिश्श्याहून अधिक नाही. लेखनकौशल्य यायचे असेल, तर ते मुख्य व गौण विषयांच्या अभ्यासातूनच यावे लागेल, हे उघड आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही या दोहोंची फारकत टिकणारी नाही. मराठीत इंग्रजीप्रमाणे उपपदे नाहीत. ‘मुलगा आला’ या वाक्यातील मुलगा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला आहे की नवा, हे संदर्भावरून समजते. इंग्रजी लेखकाला मात्र त्या जागी ‘अ’ की ‘द’ याचा निर्णय करावाच लागतो, आणि त्यासाठी वाचकाला आतापर्यंत काय सांगून झाले आहे याचे भान ठेवावे लागते. सुट्या वाक्यांतील गाळलेल्या जागा भरून हे भान येत नाही. ते सलग गद्याच्या वाचनाने व सलग गद्याच्या लेखनानेच येते. ‘इंग्लिश ए’ मुख्यतः इंग्रजी घरी बोलणाऱ्यांसाठी योजलेला होता. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तर वाचन व लेखन यांच्या एकत्र सरावाची गरज अधिकच आहे.

उलटपक्षी, लेखनावाचून वाङ्मयाचे वाचनही अपुरे राहते. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे वगळून कविता विद्यार्थ्यांना दिल्या व त्यांवर त्यांचे अभिप्राय लिहवून घेतले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्या अभिप्रायांचे विश्लेषण आहे. सुशिक्षित वाचकही कवितेचा सरळ अर्थ किती सहज चुकतात, हे त्यावरून दिसून आले. ते अभिप्राय लिहिले गेले नसते, तर त्या चुका उघडकीस आल्याच नसत्या.

तेव्हा अभ्यासक्रम निवडताना त्याच्या नावापेक्षा त्याची रीत पाहणे इष्ट. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. मूळ कृती वाचल्या जातात, की त्यांचे सारांश? सत्रात विद्यार्थी किती वेळा लिहितो? लिहिलेले तपासून, सुधारून पुन्हा लिहिण्यास वाव आहे काय? आणि परीक्षेत अनोळखी उताऱ्यावर प्रश्न येतो, की केवळ पाठ केलेल्या उत्तरांवर निभावते? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देणारा अभ्यासक्रम लेखनाचा म्हणून ओळखला जावो वा वाङ्मयाचा, तो घेण्याजोगा समजावा. नमुन्याची पत्रे उतरवून घेणारा लेखन-अभ्यासक्रम आणि कथानक पाठ करून घेणारा वाङ्मय-अभ्यासक्रम हे दोन्ही सारखेच वांझ होत.

या निवडीचे परिणाम दूरवर पोहोचतात. पदव्युत्तर वर्गात प्रबंधिकेच्या वेळी विद्यार्थी अडतो तो पुष्कळदा विषयाच्या अज्ञानामुळे नव्हे, तर सलग वीस पृष्ठे स्वतःच्या विचाराने लिहिण्याची सवयच नसल्यामुळे. ती सवय पदवीच्या वर्षांत लागावयास हवी. म्हणून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्या अध्यापकाने त्याची आवड अवश्य विचारावी. परंतु निवडलेल्या अभ्यासक्रमात त्याचे लेखन कोण वाचणार आहे, याचीही खात्री करून घ्यावी.